भावाच्या अंगणातला जिना

लोहारा रोड, यवतमाळ
८ जून २०२५

चि. धर्मपाल यास,
सप्रेम जयभीम आणि अ. आ. वि. वि.

फोन सोडून पत्र कायले, असं तू विचारशील. तुझा डावा कान गेल्यापासून तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि बोलतोस अंगणातून. मागच्या वेळी मी तुला माझ्या गुडघ्यांचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारच्या गोविंदाचा फोन आला की बाई, एरंडेल गरम करून चोळा. माझे गुडघे मुकुटबनच्या चावडीवर मांडायचे नाहीत. म्हणून हे पत्र. ते तरी मनातल्या मनात वाच.

डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलं. दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आणि जितका उशीर करीन तितके पाय वाकडे होतील. सरकारी दवाखान्यात नाव लिहून ठेवलं आहे, पण नंबर कधी येईल ते तिथलं कोणीच सांगत नाही. यंदा चौदा एप्रिलला मिरवणूक दारावरून गेली आणि मी खुर्चीवर बसून हात हलवला. तेही दुसऱ्यांदा. शाळेत तीस वर्षं मुलांना रांगेत चालवणारी बाई मी. मला असं हात हलवायला फार अवघड गेलं.

पेन्शनमध्ये घर चालतं, ऑपरेशन होत नाही. म्हणून बँकेत गेले. चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब म्हणाले की घर आहे ना, मग काळजी कशाची. घर गहाण ठेवून कर्ज मिळतं. दुसऱ्या खेपेला म्हणाले की वय जास्त आहे, मुलगा सहकर्जदार हवा. तिसऱ्या खेपेला मीच पेपरात वाचलेलं विचारलं, ते म्हाताऱ्यांसाठीचं उलटं कर्ज: घर बँकेकडे तारण ठेवायचं, पैसे आपण घ्यायचे, हप्ता नाही, मरेपर्यंत आपल्याच घरात राहायचं. नंतर मुलाला हवं तर त्याने पैसे भरून घर सोडवायचं, नाहीतर बँक विकून आपले पैसे घेते आणि उरलेले त्याला देते. साहेबांनी दोनदा चष्मा पुसला आणि म्हणाले की असं आहे खरं, पण आमच्या शाखेत आजवर कोणी मागितलं नाही. चौथ्या खेपेला म्हणाले, आधी घराची किंमत तर काढू.

आणि इथेच आपलं शहाणपण आडवं आलं. एकच प्लॉट घेतला, मधोमध भिंत घातली, अर्धं घर तुझं, अर्धं माझं, इथपर्यंत ठीक. पण ह्यांनी पुढे आमच्या भागावर माडी बांधली तेव्हा आमच्याकडची जिन्याची जागा वाचली म्हणून आपण किती खूश होतो! तुझ्या अंगणात जागा होती, तिथून जिना घेतला, भिंतीत दार पाडायचीही गरज वाटली नाही. आता माडी माझी, जिना तुझ्याकडे, तुझ्या फाटकाला कुलूप, आणि किल्ली मुकुटबनला. भाडेकरू गेल्यापासून माडी बंदच आहे आणि मला तर चढताच येत नाही, म्हणून कुणाला आठवणही झाली नाही.

तेव्हा फाटकाची किल्ली लगेच पाठव. किंमत काढणारा माणूस २४ तारखेला येतो आहे. बँकेचा वकील म्हणतो की तुझ्या अंगणातून ये-जा करायचा कायमचा हक्क रजिस्टर करून द्यावा लागेल, ते आपण पुढे बघू.

कोकिळेला सांग, लोणचं संपलं. दीपाला तिच्या नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेसाठी आशीर्वाद.

माया आहे तशी असू दे, आवाज मात्र कमी कर.

तुझी बहीण,
सत्यशीला

*

मुकुटबन
१५ जून २०२५

ती. बाईस,
धर्मपालचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र भेटलं. मनातच वाचलं. गोविंदानं विचारलं तरी सांगतलं नाही, पण एरंडेलाचं तो चुकीचं बोलला नव्हता, त्याच्या मायले फरक पडला.

बाई, तू शाळेत पोरं शिकवली, मी लोहाऱ्याच्या कारखान्यात लोखंड जोडलं. म्हणून मी काही बोललो की तू म्हणतेस तुले काय समजते. पण एवढं मले समजते की ज्या घराचा कागद बँकेच्या तिजोरीत, त्या घरात झोप लागत नाही. तुझं ते उलटं कर्ज तर मले बिलकुल पटलं नाही. तू मरशील कधी, याची वाट पाहणारा माणूस तू सोताच्या पायानं जाऊन शोधून राह्यली! आणि पायच दुखतात म्हणून.

आणखी डॉक्टरचं ऐकून घे, दुसऱ्याले दाखव. हे डॉक्टर लोक माणूस दिसला की पहिले कापायचीच भाषा करतात. कोकिळा म्हणते, इकडं येऊन राहा, घर एका पातळीवर आहे, जिना नाही, पायरी नाही. ते तर तू ऐकणार नाहीस.

पेरणीची गडबड आहे. सोयाबीन टाकून राह्यलो, मजूर भेटून नाही राह्यले. मले येणं जमत नाही. किल्ली हरिसिंग ड्रायव्हरजवळ देतो. तो यवतमाळच्या गाडीवर असतो, वीस तारखेला बसस्टँडवर कोणाले तरी पाठव. चहा पाज त्याले, साखर कमी.

लोणचं किल्लीसोबतच येते. लोभ आहेच, तो मोजायले बँकेचा माणूस बोलावू नको.

तुझा भाऊ,
धर्मपाल

*

पुणे
१९ जून २०२५

प्रिय आई,
सादर जयभीम.

मी पत्र लिहितोय हे बघून तुला हसू येईल. पण फोनवर मी बोलायला लागलो की तू कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवतेस. कागदाला शिट्टी ऐकू येत नाही.

मी शेवटचं सांगतो. घर विक. लोहारा रोडला आता भाव आला आहे. त्यातून ऑपरेशन होईल, उरलेले तुझ्या नावावर बँकेत राहतील, आणि तू इकडे आमच्याकडे येशील. हे सरळ आहे. तू जे करते आहेस ते वाकडं आहे: स्वतःच्याच घरावर पैसे घ्यायचे, मग व्याज भरायचं, आणि त्यासाठी मामाच्या जिन्यापर्यंत भांडण न्यायचं. मामा सही देणार नाही, मी लिहून देतो. तो दिवाळीला स्वतःच्या अंगणात आपली गाडी लावू देत नव्हता.

सहकर्जदार म्हणून माझ्या सहीचं म्हणशील, तर माझ्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत. मी नाही म्हणत नाही. पण नीट विचार कर.

वैष्णवीने तुझ्यासाठी खोली लावून ठेवली आहे. खिडकीतून टेकडी दिसते.

रागावू नकोस. रागावलीस तरी फोन घे.

तुझा,
धम्मदीप

*

लोहारा रोड, यवतमाळ
२६ जून २०२५

चि. धर्मपालास,
जयभीम. आशीर्वाद या वेळी लिहीत नाही.

माणूस आला. हातात ते लाल डोळ्याचं अंतर मोजायचं यंत्र, गळ्यात पट्टा, सोबत एक पोरगी फोटो काढायला. माझ्या खालच्या साऱ्या खोल्या मोजल्या, छान बांधकाम म्हणाला. मी फुगले. मग माडीकडे निघालो. मी काठी टेकत तुझ्या फाटकापर्यंत गेले, हरिसिंगने आणलेली किल्ली काढली आणि लावली. लागेना. तेल घातलं. लागेना. त्या पोरीने लावून पाहिली. गल्लीतली सुखीबाई आली, तिने दगडाने कुलूप ठोकलं, कारण तिच्या मते ते घाबरलं की उघडतं. शेवटी त्या माणसाने किल्ली उलटून पाहिली आणि म्हणाला, मावशी, ही तर गोदामाच्या कुलपाची दिसते.

कुलूप तोडू का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. माझ्या भावाचं कुलूप मी तोडणार नाही, असं मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आता त्या तोऱ्याचं काय करू?

गल्लीत उभं राहून त्याने वर पाहिलं. चार खोल्या, गच्ची, पाण्याची टाकी, सगळं दिसत होतं. म्हणाला, दिसतं ते मी लिहीन, पण वर जायला वाट नाही, आणि वाट नसलेल्या मजल्याची किंमत बँक धरत नाही. काल बँकेत गेले तर तेच. फक्त खालच्या घरावर जे मिळतं त्यात एक गुडघा होतो. साहेबांना मी विचारलं, एका गुडघ्याने काय करू, लंगडी खेळू? ते बिचारे पुन्हा चष्मा पुसायला लागले.

धम्मदीपचंही पत्र आलं. घर विकून पुण्याला ये म्हणतो. त्याला मी एका ओळीचं उत्तर दिलं: बाळा, तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तुमच्या इमारतीत लिफ्ट नाही, तुझ्या टेकडीपर्यंत मला कोण पोचवणार?

धर्मा, तू चाळीस वर्षं कारखान्यात कुलपं, कड्या, कोयंडे केले. तुला किल्ली ओळखता आली नाही? वय झालं तुझं. पुन्हा पाठव, आणि पाठवण्याआधी कोकिळेला दाखव.

लोणचं चांगलं होतं. ते तिने केलं म्हणून.

सत्यशीला

*

मुकुटबन
४ जुलै २०२५

ती. बाईस,
कोकिळेचा सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र मी लिहिलं हे यायले, दीपाच्या बाबाले, समजू देऊ नका. मी बाजाराच्या दिवशी जाऊन पोस्टात टाकून राह्यली.

तुमचं पत्र यायनं वाचलं आणि ताट सरकवलं. जेवले नाहीत. तुम्ही लिहिलं की किल्ली ओळखता आली नाही, वय झालं. बाई, तसं नाही. आमच्या घरी दाराजवळ खिळ्यावर किल्ल्या असतात, फाटकाची किल्ली लाल दोरीची, ती आंधळ्यालेही सापडते. त्या दिवशी हे खिळ्यापुढं किती वेळ उभे होते. लाल दोरीची हातात घेतली, परत टांगली, आणि गोदामाची काढून पिशवीत टाकली. मी म्हटलं, काहून? तर म्हणाले, तू लोणच्याचं झाकण पाह्य.

तुमच्या पहिल्या पत्रातली एकच ओळ यायनं मले तीन-तीनदा वाचून दाखवली, अंगणातून ये-जा करायचा हक्क म्हणून. दीपा पास झाली की यवतमाळलेच नोकरी धरते म्हणते. लग्नाचं नाव काढू देत नाही. ती एकटी पोरगी त्या घरात राहीन, हे आमचं ठरलेलं आहे. मग रात्री-बेरात्री कोण कोण अनोळखी भाडेकरू तिच्या दारापुढून वर जातीन, आणि उद्या बँकेनं घर विकलंच तर कोण येऊन बसन, हेच यायच्या डोक्यात.

मी म्हटलं, मग बाईले तसं लिहा ना. तर म्हणतात, तिचे गुडघे दुखून राह्यले, अन् मी आंगणाचं लिहू? आणि लिहिलं नाही तर नाही, उलट किल्ली बदलली! हा काय मार्ग झाला? मी तर वैतागली या माणसापायी.

बाई, तुम्हीही एकदा विचारायले पाह्यजे होतं. लहान तोंडी मोठं बोलली असेन तर पोटात घाला.

तुमची,
कोकिळा

*

लोहारा रोड, यवतमाळ
१० जुलै २०२५

चि. धर्मपालास,
जयभीम.

मला कोणी काही सांगितलेलं नाही. पण मी मास्तरीण आहे, खोटं उत्तर मला अक्षरावरूनही कळतं. तू किल्ली मुद्दाम चुकीची पाठवलीस.

गल्लीभर माझं हसं झालं ते जाऊ दे. सुखीबाई अजून त्या कुलपाशी बोलते तेही जाऊ दे. पण नाही म्हणायचं होतं तर नाही म्हण. किल्लीच्या तोंडून काय बोलतोस?

आणि दुसरं. मीही तुला विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे मला पटतं, पण राग कमी झालेला नाही. दोन्ही एकदम होऊ शकतं.

आता हे लिही: तुला काय चालेल? मला दोन्ही पायांवर चालायचं आहे आणि माझ्याच घरात राहायचं आहे. याहून जास्त मी काही मागत नाही.

आशीर्वाद उधार ठेवते.

सत्यशीला

*

मुकुटबन
१७ जुलै २०२५

ती. बाईस,
सविनय जयभीम वि. वि.

तुले कोकिळेनंच सांगतलं. पोस्टाच्या पाकिटायतलं एक कमी आहे आणि ती चार दिवसापासून माझ्याशी फार गोड बोलून राह्यली. असो.

किल्ली मीच बदलली. तू पत्रात गुडघे दोन पानं लिहिले आणि माझं आंगण अर्ध्या ओळीत. ते पुढे बघू म्हणे! अंगण माझं, आणि बघणार तू. मले राग आला. मग राग आल्याची लाज वाटली, म्हणून लिहिलं नाही. दीपाचं तर तुले कळलंच असेन.

हक्क मी लिहून देणार नाही, बाई. हे साफ सांगतो. आज तू आहेस, नंतर कोण, हे कागदावर राहत नाही.

पण पेरणी आटोपल्यापासून मी एकच विचार करून राह्यलो. जिना माझ्या आंगणातच पाह्यजे, हे सांगतलं कोणी? तुझ्या पुढच्या बाजूनं लोखंडी जिना होते. मागच्या दिवाळीले तुझ्या दारात उभा होतो, ती जागा मी मनातच मोजून पाह्यली आहे. कारखान्यातला ऋतिक आता सोताचं दुकान टाकून बसला लोहाऱ्याले, मशीन देतो म्हणते. लोखंड तुझं, मजुरी माझी. सोयाबीनची डवरणी झाली की येतो.

एकच आहे. तुझा ओटा फोडावा लागते. दुसरी जागा नाही.

आता तू बोल. मले माहीत आहे त्या ओट्यावर तुझी सारी गल्ली बसते, भांडणं मिटतात, पोरायची लग्नं ठरतात. मी माझं आंगण सोडत नाही अन् तुले ओटा सोडाले सांगून राह्यलो, हे मले दिसते. पण दुसरं मले सुचत नाही.

भाऊ म्हणून जो काही लोभ शिल्लक असेन तो सांभाळून ठेव.

धर्मपाल

*

लोहारा रोड, यवतमाळ
२१ सप्टेंबर २०२५

चि. धम्मदीपास,
जयभीम आणि अ. आ. वि. वि.

तुझा मामा तीन आठवडे इथे तळ ठोकून आहे. घरात लोखंडाचा वास, अंगणात ठिणग्या, आणि मी काही बोलले की त्याने तोंडावर वेल्डिंगचा काळा मुखवटा ओढायचा. कान तर आधीच बंद. अशा माणसाशी भांडायचं कसं?

ओटा फोडला. पहिला घण मामाने मारला आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाहतोस काय, अर्धा फोडून ठेवू नकोस. सुखीबाई रडली. मी नाही.

जिन्यावरून आमची रोज कटकट. मी म्हटलं पायऱ्या ठेंगण्या कर. तो म्हणतो, ठेंगण्या केल्या की पायऱ्या वाढतात, जिना लांबतो, थेट रस्त्यावर जाईन. मी म्हटलं, मधे वळण दे. तो म्हणतो, वळण म्हणजे काय पोळी आहे का लाटायची. दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर वळण दिलेलं. विचारलं तर म्हणतो, माझ्याच मनात होतं.

किंमत काढणारा माणूस परत येऊन गेला. या वेळी स्वतःच्या पायांनी वर गेला. माडी धरली. बँक आता दोन्ही गुडघ्यांपुरतं देते. आणखीही देते म्हणाले, मी घेतलं नाही. उलट्या कर्जाचं मी सोडून दिलं. मामा म्हणतो म्हणून नाही. मलाच वाटलं, की माझ्यामागे तुझ्यापुढे एकदम मोठा आकडा उभा करण्यापेक्षा मीच जिवंतपणी फेडावं. माडीवर दोन नर्सिंगच्या मुली भाड्याने येतात, त्यांचं भाडं सरळ हप्त्यात जाईल. ते कमी पडलं तर पेन्शन आहे.

राहिली तुझी सही. तू नाही म्हणत नाहीस, असं लिहिलं होतंस. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. वैष्णवीला म्हणावं, खोली मोडू नकोस. गुडघे चालू झाले की तुझे तीन मजले मी चढून येईन, आणि तुझी टेकडी पाहून परत जाईन.

फोन मी घेते हल्ली. कुकर तुझा मामा बघतो.

तुझी आई

*

लोहारा रोड, यवतमाळ
१६ एप्रिल २०२६

चि. धर्मपाल यास,
सप्रेम जयभीम आणि अ. आ. (मागचे उधार धरून) वि. वि.

परवा मिरवणुकीत मी नव्या गुडघ्यांनी चालले. विहारापासून निघून आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे धम्मदीपने रिक्षात घातलं. मी नको म्हणत होते, पण मनातून बरं वाटलं. निळं पातळ नेसले होते. दारावरून जाताना सवयीने खुर्चीकडे पाहिलं, तर खुर्चीवर सुखीबाई, आणि ती माझ्याकडे पाहून हात हलवत होती.

दीपा रविवारी सामान घेऊन आली. तुझं फाटक उघडलं, अंगण झाडलं. सुखीबाईने ठोकलेलं कुलूप आता कशानेच लागत नाही, नवीन पाठव. जुना जिना तसाच आहे, तिने त्यावर कुंड्या मांडल्या. माझ्या भाडेकरू मुली इकडून चढतात, ती तिकडून वर येत नाही, तरी त्या दोघी गच्चीवरून आणि ही अंगणातून, अशी तिघींची गप्पांची बैठक चालते. तुझी चिंता वाऱ्यावर गेली म्हणायची, पण लेखी देत नाही.

आता महत्त्वाचं. काल संध्याकाळी, घरात कोणी नसताना, मी जिना चढून वर गेले. फिजिओवाली मुलगी म्हणाली होती की कठडा धरा, घाई नको. कठडा धरला. वळणावर थांबले. वर पोचले, माडीच्या चारही खोल्या किती वर्षांनी पाहिल्या. ह्यांनी रंगवलेली खिडकी अजून तशीच आहे. मुलींनी तिच्यावर कपडे वाळत घातलेत.

तेव्हा तुला कळवते की तिसऱ्या पायरीचं वेल्डिंग कच्चं आहे. पाय ठेवला की कर्र वाजतं. इतक्या वर्षांची तुझी कारागिरी, आणि बहिणीच्या जिन्यात ही कसर! ओटा गेल्यापासून गल्लीतल्या बायका जिन्यावरच बसतात, एकीच्या वर एक, आणि तिसरी पायरी माझी. मी बसले की ती वाजते आणि सगळ्या हसतात. मशीन घेऊन ये. तूर विकली की ये, कोकिळेला घेऊन ये, आणि दोन-चार दिवस राहायला ये.

दुरुस्त करायची घाई नाही. आधी ऐकून घे कसं वाजतं ते, तुझ्या उजव्या कानाने.

माया होती तेवढीच आहे. तिच्यावर कुणाचा बोजा नाही.

तुझी बहीण,
सत्यशीला